मुलाची टेस्ट झाली, आता शाळेचं काय?

दहावीचे फॉर्म भरायची वेळ जवळ आली की दरवर्षी तीच धावपळ सुरू होते. नववीपर्यंत "लक्षच देत नाही", "आळशी आहे", "मोबाईल काढून घ्या त्याचा" असं ऐकत आलेल्या मुलाच्या आईला कुणीतरी सांगतं की अहो एलडीचं, म्हणजे वाचणं-लिहिणं-गणित शिकण्यातल्या अक्षमतेचं, सर्टिफिकेट काढा, पेपरला जादा वेळ मिळतो, लेखनिक मिळतो, गणिताच्या जागी सातवीच्या लेव्हलचं अंकगणित घेता येतं. मग ती बाई रजा टाकून जिल्ह्याच्या नाहीतर थेट मुंबई-पुण्याच्या हॉस्पिटलमध्ये नंबर लावते, दोन-तीन खेपा होतात, टेस्ट होतात, रिपोर्ट येतो, सर्टिफिकेट मिळतं, मुलगा पास होतो आणि सगळ्यांना वाटतं की चला, झालं काम.

मला हे काम झालं असं वाटत नाही. सवलतींच्या विरोधात मी अजिबात नाहीये. १९९६ साली महाराष्ट्र सरकारने त्या सुरू केल्या म्हणून कितीतरी पोरं दहावीच्या पलीकडे गेली, नाहीतर "नापास" हा शिक्का घेऊन कायमची घरी बसली असती. पण हाच मुलगा तिसरीत होता तेव्हा त्याला वाचता येत नव्हतं हे वर्गातल्या सगळ्यांना माहीत होतं, बाईंना माहीत होतं, शेजारी बसणाऱ्या पोराला माहीत होतं, मग मधली सहा-सात वर्षं काय झालं? ती वर्षं जादा वेळ देऊन भरून निघत नाहीत. म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की सायकॉलॉजिस्ट हा माणूस आपल्याला मुलाला एकट्याला केबिनमध्ये बसवून आयक्यूचा (बुद्ध्यांकाचा) आकडा काढायला नकोय, तो शाळेला हवाय. शाळेत येणारा, वर्गात मागे बसून बघणारा, बाईंशी बोलणारा, आणि महिन्या-दीड महिन्याने परत येणारा.

कायद्यात हे नाहीच असं नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता, म्हणजे ज्याला आपण सगळे एलडी म्हणतो, ती आली. नंतर केंद्राने २०१८ मध्ये ज्या मार्गदर्शक सूचना काढल्या त्यात स्पष्ट लिहिलंय की तिसरीत किंवा मूल आठ वर्षांचं झाल्यावर, जे आधी होईल तेव्हा, शाळेतल्या शिक्षकांनीच प्राथमिक चाचणी करायची, त्यासाठी मुख्याध्यापकांच्या हाताखाली समिती असायला हवी, आणि शंका आली तर मुलाला पुढे तपासणीला पाठवायचं. सर्टिफिकेट आठव्या वर्षानंतर, मग चौदाव्या आणि अठराव्या वर्षी पुन्हा तपासणी. वाचायला छान आहे सगळं. आता झेडपीची दोनशिक्षकी शाळा डोळ्यासमोर आणा. एक गुरुजी पहिली-दुसरी सांभाळतात, एक बाई तिसरी-चौथी, त्यात कुठलं ना कुठलं ऑनलाइन माहिती भरण्याचं काम, पोषण आहाराचा हिशोब, मध्येच निवडणुकीची ड्यूटी. त्या बाईंनी चेकलिस्ट भरली, चार मुलांच्या नावापुढे टिक केली, बरं मग? पाठवायचं कुणाकडे? आणि मूल तिकडून परत आलं की उद्या सकाळी अकरा वाजता वर्गात त्याच्याशी वेगळं काय करायचं, हे बाईंना कोण सांगणार?

या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आपल्या व्यवस्थेत कुणाच्याच कामात लिहिलेलं नाही. आणि गंमत नाही, दुःखाची गोष्ट अशी की लागणारी बहुतेक माणसं आपल्याकडे आहेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम तर सुरूच महाराष्ट्रात झाला, फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरला. त्यांची टीम गाडी घेऊन अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी-अनुदानित शाळेत वर्षातून एकदा येते, डोळे, कान, दात, रक्त कमी आहे का, वाढीत मागे आहे का हे बघते. जिल्ह्याला लवकर उपचाराचं केंद्र आहे, तिथे डॉक्टर, सायकॉलॉजिस्ट, स्पीच थेरपिस्ट असावेत अशी रचना आहे. शिक्षण खात्याकडे समग्र शिक्षा योजनेतले, दिव्यांग मुलांसाठीचे विशेष शिक्षक आणि विषयतज्ज्ञ आहेत, जे तालुक्याच्या गट साधन केंद्रातून शाळांमध्ये फिरतात. शिक्षकांना ट्रेनिंग देणारी जिल्ह्याची संस्था, डाएट आहे. मोठ्या शहरांत सायन, केईएम, नायरसारखी हॉस्पिटलं आहेत, जिथल्या डॉक्टरांनी एलडीवर वर्षानुवर्षं मन लावून काम केलंय. संस्था आहेत. पण यातल्या एकाचा कागद दुसऱ्याकडे जात नाही. आरोग्याच्या टीमने लिहून ठेवलेलं असतं की या मुलीला एका कानाने कमी ऐकू येतं, ते रजिस्टर आरोग्य खात्याकडे राहतं, आणि शाळेत तीच मुलगी पुढची तीन वर्षं "उद्धट आहे, हाक मारली तरी बघत नाही" म्हणून मागच्या बाकावर बसते. अंगणवाडीताईला माहीत असतं की हे पोर बोलायलाच साडेतीन वर्षांचं झाल्यावर लागलं, पण पहिलीच्या बाईंना ते कुणी सांगत नाही कारण तसं सांगायची पद्धतच नाही.

शाळेसोबत काम करणारा मानसशास्त्रज्ञ नेमकं काय करतो हे आपल्याकडे बऱ्याच लोकांना माहीत नाही, त्यांना वाटतं तो वेड्यांचा डॉक्टर किंवा मग "मन मोकळं कर" म्हणणारा. तर समजा तिसरीतलं एक मूल आहे ज्याला वाचता येत नाही. चांगला माणूस आला तर तो टेस्टची बॅग उघडायच्या आधी इतर दहा गोष्टी बघेल. कान तपासलेत का, डोळे तपासलेत का. हजेरीपट. हा हजेरीपट फार बोलतो हो! बीड-अहिल्यानगरकडच्या ऊसतोड कामगारांची मुलं दिवाळीच्या आसपास आईबापासोबत कारखान्यावर जातात ती उन्हाळा तोंडावर आल्यावर परत येतात, म्हणजे अर्धं वर्ष गेलं, अशी तीन वर्षं गेली की तिसरीतलं मूल शाळेत प्रत्यक्ष दीडच वर्ष बसलेलं असतं. त्याला एलडी म्हणायचं का? मेळघाटात घरी कोरकू बोलतात, नंदुरबारकडे भिली-पावरी, गडचिरोलीत गोंडी-माडिया, आणि शाळेत पहिल्या दिवसापासून प्रमाण मराठी. ते मूल गप्प बसतं. गप्प बसलं की "मंद" ठरतं. भाषेची अडचण वेगळी आणि वाचनाची अक्षमता वेगळी, आणि कधीकधी एकाच मुलात दोन्ही असतात, हे वेगळं करून सांगायला शिकलेला माणूस लागतो, नुसत्या चेकलिस्टने ते होत नाही.

हे सगळं बघून झालं, तरी अडचण उरली, मग तो मुलाला वाचायला लावतो, लिहायला लावतो आणि चुका कशा होतात ते बघतो. घ आणि ध, भ आणि म यात गोंधळ होतोय का, वेलांटी कुठल्या बाजूला पडते, रफार गायब होतो का, जोडाक्षर आलं की मूल अंदाजाने शब्द ठोकून देतं का. पंचवीस ऐकून ५२ लिहितं का, एकोणतीस ऐकून ३९ लिहितं का. फळ्यावरून उतरवताना ओळी गळतात पण तोंडी विचारलं तर सगळं सांगतं का. हे मराठीतच बघावं लागतं, मराठी मीडियमच्या मुलाला इंग्रजी शब्द वाचायला लावून निदान करण्यात काही अर्थ नाही, आणि तसं होतं हेही खरं आहे. मानेसरच्या नॅशनल ब्रेन रिसर्च सेंटरने वाचनाची अक्षमता ओळखणारी डाली नावाची चाचणी तयार केलीय, ती हिंदी, कन्नड, इंग्रजीसोबत मराठीतही आहे, म्हणजे साधन नाही ही सबबही पूर्ण खरी नाही.

आणि मग खरं काम सुरू होतं, ते बाईंसोबत. या मुलाला फळ्यावरचं उतरवायला लावू नका, छापील कागद द्या. मोठ्याने वाचायला सगळ्यांसमोर उभं करू नका, आधी एकट्यात दोनदा वाचून घ्या. दहा गणितांऐवजी पाच द्या पण पायऱ्या सगळ्या लिहायला लावा. रोज पंधरा मिनिटं ध्वनी आणि अक्षरं यांचा खेळ घ्या, एकट्याचा नको, अशी चार मुलं एकत्र बसवा. उत्तर तोंडी चालेल. विशेष शिक्षक आठवड्यातून एकदा येतील तेव्हा ते अमुक भाग घेतील. घरी आईला सांगा की रात्री जेवणानंतर मारून-मुटकून अभ्यास घेऊ नका, दहा मिनिटं गोष्ट वाचून दाखवा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, सहा आठवड्यांनी मी परत येतो, तेव्हा यातलं काय जमलं काय नाही ते बघू, नाही जमलं तर बदलू. बाईंना यातलं निम्मं आधीच माहीत असतं. पण "हो, तुम्ही करताय ते बरोबर आहे, हे थोडं असं करून बघा" म्हणणारं माणूस बाजूला असलं की बाईंना धीर येतो. मी स्वतः शाळेत शिकवते म्हणून हे सांगू शकते, आम्हाला ट्रेनिंगच्या पीपीटी खूप मिळाल्या, वर्गात येऊन शेजारी बसणारं कुणी मिळालं नाही.

आता जो रिपोर्ट हातात येतो तो बघा. इंग्रजीत, चार-पाच पानी, वरती आयक्यूचा आकडा, खाली सबटेस्टचं टेबल, शेवटी दोन ओळी, रेमेडियल टीचिंग अॅडव्हाइज्ड, म्हणजे मुलाला वेगळं शिकवा. गावाकडच्या आईला तो वाचता येत नाही, वर्गशिक्षिकेला त्यातून काही करता येत नाही. सगळ्यांच्या लक्षात राहतो तो आकडा. आयक्यू टेस्ट वाईट असतात असं मी म्हणत नाही. आपल्याच भागात त्यावर फार मोलाचं काम झालंय, कामत यांनी फ्रेंच मानसशास्त्रज्ञ बिने यांची बुद्धिचाचणी कन्नड आणि मराठी मुलांसाठी तयार केली ती स्वातंत्र्याच्याही आधी, आणि नागपुरात राहून मालिन यांनी भारतीय मुलांसाठी जी चाचणी बसवली ती एलडीच्या तपासणीत अजूनही वापरतात. या लोकांनी मेहनत घेतली कारण इथल्या मुलाला परक्या मापाने मोजू नये असं त्यांना वाटत होतं. पण आकडा हा तपासणीतला एक तुकडा असतो, तो मुलाची ओळख बनला की नुकसान होतं. "याचा आयक्यू ८२ आहे" हे वाक्य स्टाफरूममध्ये एकदा बोललं गेलं की त्या मुलाकडून कुणी काही अपेक्षाच ठेवत नाही.

असं सगळ्यांनी मिळून काम करणं आपल्याला नवीनही नाही. मुंबईत १९३७ साली, जी संस्था पुढे टिस (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) झाली तिने देशातलं पहिलं चाइल्ड गायडन्स क्लिनिक सुरू केलं होतं, आणि त्याची कल्पनाच ही होती की डॉक्टर, मानसशास्त्रज्ञ आणि घरी-शाळेत जाऊन येणारा सोशल वर्कर हे तिघं मिळून एका मुलाचा विचार करतील. पुण्यात १९६२ मध्ये सुरू झालेल्या ज्ञानप्रबोधिनीने मानसशास्त्र आणि शाळा एका छताखाली ठेवून दाखवलंय. म्हणजे जमतं. पण ते संस्थांच्या जोरावर जमलं, सरकारी शाळेपर्यंत पद्धत म्हणून कधी उतरलं नाही.

बाहेर जिथे पद्धत म्हणून उतरलं त्या इंग्लंडचं उदाहरण नीट बघायला हवं, कौतुकासाठी नाही, त्यांचं काय बिघडलं ते कळावं म्हणून. लंडनच्या काउंटी काउन्सिलने १९१३ मध्ये सिरिल बर्टला नेमलं, शाळांसाठी सरकारी पगारावर घेतलेला तो पहिला मानसशास्त्रज्ञ. (बर्टच्या मृत्यूनंतर त्याच्या जुळ्यांवरच्या संशोधनातले आकडेच खरे का यावर मोठा वाद झाला, आकड्यांवर किती विसंबायचं याचा तोही एक धडाच.) १९६८ मध्ये तिथल्या समरफील्ड समितीने सांगितलं की शाळेत जाणाऱ्या १०,००० मुलांमागे एक मानसशास्त्रज्ञ असावा. पुढे पद्धत अशी बसली की तो स्थानिक प्रशासनाच्या नोकरीत असतो, त्याच्याकडे ठरावीक शाळा असतात, प्रत्येक शाळेत विशेष गरजांचं बघणारी एक शिक्षिका कायद्यानेच नेमलेली असते, टर्मच्या सुरुवातीला दोघं बसून ठरवतात की या वेळी कुठल्या मुलांवर, कुठल्या वर्गावर काम करायचं. स्पीच थेरपिस्ट, मुलांची मानसिक आरोग्य सेवा, सोशल वर्कर यांना तोच एका टेबलाशी आणतो. हे आपण घेण्यासारखं आहे.

पण २०१४ च्या कायद्यानंतर तिथे मुलाला ठोस मदत हवी असेल तर शिक्षण-आरोग्य-देखभाल असा एकत्र प्लॅन लागतो, तो २० आठवड्यांत तयार व्हायला हवा आणि त्यात मानसशास्त्रज्ञाचा लेखी सल्ला बंधनकारक. हेतू चांगलाच होता. झालं असं की प्लॅन असेल तरच मदत असं चित्र तयार झालं, पालक प्लॅनसाठी अर्ज करत राहिले, २०१५ मध्ये अडीच लाखांच्या आत असलेली संख्या २०२५ पर्यंत सहा लाखांच्या पुढे गेली, आणि मानसशास्त्रज्ञांचा सगळा वेळ लेखी सल्ले लिहिण्यात जायला लागला. तरीसुद्धा अलीकडच्या वर्षांत साधारण निम्मेच प्लॅन वेळेत होतात. वर्गात बसायला, शिक्षकांशी बोलायला, लहान वयात अडचण पकडायला त्यांच्याकडे वेळच उरला नाही, आणि ते काम न झाल्यामुळे आणखी मुलं प्लॅनच्या रांगेत आली. शंभर वर्षांची परंपरा असलेल्या ठिकाणी कागदाने माणसाचा वेळ खाल्ला. आपण तर सुरुवातच कागदापासून केलीय, आपल्याकडे मानसशास्त्रज्ञ म्हणजेच सर्टिफिकेट. म्हणून मला वाटतं आत्ताच, पदं निर्माण व्हायच्या आधीच, हे दोन रस्ते वेगळे करायला हवेत. सर्टिफिकेटचं काम हॉस्पिटलकडे राहू दे, त्यांची क्षमता वाढवा. शाळेसोबत काम करणाऱ्याकडे सर्टिफिकेटची सही अजिबात नको, आणि वर्गातली मदत मिळायला सर्टिफिकेटची अटही नको. बाईंना अडचण दिसली, पालक हो म्हणाले, काम सुरू.

आकडे अवघड आहेत हे मला कळतं. राज्यात शाळा लाखाच्या वर, मुलं दोन कोटींच्या आसपास. १०,००० मागे एक म्हटलं तर दोनेक हजार माणसं लागतील, आणि तेवढी शिकलेली माणसं आज नाहीतच, शाळेत काम करणारा मानसशास्त्रज्ञ असा वेगळा कोर्सच आपल्याकडे जवळपास नाही, एमए क्लिनिकल किंवा काउन्सेलिंग केलेल्या मुली शहरातल्या खाजगी शाळेत जातात नाहीतर स्वतःचं क्लिनिक टाकतात. म्हणून तालुक्याला एक म्हणा. ३५८ तालुके आहेत. गट साधन केंद्रात त्याची खुर्ची, आठवड्यातले चार दिवस शाळेत, एक दिवस आरोग्य टीम, विशेष शिक्षक आणि अंगणवाडीच्या सुपरवायझर यांच्यासोबत बसून नावानिशी मुलांवर चर्चा. त्याने सगळ्या मुलांना तपासायचंच नाही, त्याने केंद्रप्रमुख (शाळांच्या गटावर देखरेख करणारे अधिकारी) आणि शिक्षकांना तयार करायचं आणि फक्त खरोखर अडलेल्या मुलांना स्वतः बघायचं. गोव्यात सरकारी एज्युकेशन डेव्हलपमेंट कॉर्पोरेशनने काउन्सेलर नेमून ते शाळांना वाटून दिलेत, राज्य लहान आहे हे मान्य, पण एका माणसाने अनेक शाळा सांभाळायची कल्पना आपल्या शेजारीच चालू आहे, जाऊन बघायला काय हरकत आहे?

इथे एक गल्लत होईल अशी मला भीती वाटते. जुलै २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांच्या संदर्भात सांगितलं की १०० किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थांमध्ये पात्र काउन्सेलर, मानसशास्त्रज्ञ किंवा सोशल वर्कर असलाच पाहिजे. अतिशय गरजेचा आदेश आहे. पण तो आदेश पाळला असं दाखवायला एखाद्या शिक्षिकेला पाच दिवसांचं ट्रेनिंग देऊन बोर्डावर "समुपदेशक" लिहिलं जाईल, किंवा आलेल्या काउन्सेलरला ऑफ पिरियड भरायला आणि स्नेहसंमेलनाचं अँकरिंग करायला लावलं जाईल, आणि वाचता न येणारं पोर तिसऱ्या बाकावर तसंच बसून राहील. दुःखात असलेल्या मुलाशी बोलणं आणि वर्गात शिकवण्याची पद्धत बदलायला मदत करणं ही दोन वेगळी कौशल्यं आहेत. दोन्ही लागतात. विशेष शिक्षकांचंही तसंच, ऑक्टोबर २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने प्राथमिकला १० दिव्यांग मुलांमागे एक आणि पुढच्या वर्गांना १५ मागे एक असं प्रमाण घालून दिलं, पण ते शिक्षक वर्षानुवर्षं कंत्राटी राबलेत, आणि ज्याची स्वतःची नोकरी मार्चनंतर राहील की नाही माहीत नव्हतं त्याने सहा आठवड्यांनी परत येण्याचा शब्द कसा द्यायचा?

काही शिक्षक मित्र म्हणतात की यातून मुलांवर शिक्के बसतील, गावात कळेल, मुलीचं लग्न जमायला त्रास होईल. ही भीती खोटी नाही. खाती एकमेकांशी बोलायला लागली की मुलाची माहितीही फिरायला लागते, आणि आपल्याकडे व्हॉट्सअॅप ग्रुपवर यादी टाकायला दोन मिनिटं लागत नाहीत. म्हणून पालकांची लेखी संमती, ती पण समजावून सांगून घेतलेली, आणि कुणाला काय कळणार हे आधी ठरलेलं हवं. शाळेला कानाचं कळायला हवं, आईच्या आजारपणाचं सगळं कळायची गरज नाही. बैठकीत आई-बाप स्वतः बसलेले हवेत, मागे खुर्ची टाकून नाही, टेबलाशी. आणि बोलणं मराठीत, किंवा त्यांच्या भाषेत.

पद कुठल्या खात्यात, यावर भांडण होणार हे उघड आहे. आरोग्य खात्यात दिलं तर तो ओपीडीत अडकेल, संस्थेला कंत्राट दिलं तर प्रोजेक्ट संपला की माणूस गेला. माझ्या मते ते शिक्षण खात्यात, मंजूर आणि कायम पद म्हणून, आणि एका तालुक्यात निदान पाच वर्षं बदली नाही या अटीवर असावं, कारण पहिलीतलं मूल पाचवीत जाईपर्यंत त्याला ओळखणारं एक तरी माणूस तेच राहायला हवं. सुरुवात बीड, अमरावती, नंदुरबार, गडचिरोली या जिल्ह्यांतल्या एकेका तालुक्यापासून करा, मुंबई-पुण्यापासून नको, तिथे निदान हॉस्पिटल तरी आहे.